वेळेवर येईल त्याला एक हंडा

फुलपाडा, विरार (पूर्व)
१२ मे १९९८

तीर्थरूप शांतारामदाजी यांच्या सेवेशी,

हणमंताचा नमस्कार. मी रागात आहे, तरी नमस्कार वाकूनच केला आहे. कागदावर ते दिसत नाही म्हणून लिहून कळवतो. तुमची तब्येत, आक्काची कंबर, धाकट्या भाचीचा खोकला आणि दारातली शेरडं, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. इकडं मी अंगानं बरा आहे. डोक्याचं विचारू नका. विचारणार नसाल तरी सांगतो, कारण त्यासाठीच हे पत्र आहे, आणि ते वाचताना मध्येच उठून जायचं नाही (इथली माणसं मध्येच उठून जातात, त्यामुळं मला आता कागद वाचणाऱ्या माणसाचीसुद्धा खात्री वाटत नाही).

तुम्ही वसई डेपोला कंडक्टर होता तेव्हा ज्यांच्या वाडीत खोली घेऊन राहिलात, त्या इग्नेशियस अंकलची ही मुलगी, प्रिस्काबाई, दातांची डॉक्टर झाली, तिनं फुलपाड्यात गाळा घेऊन दवाखाना काढला, आणि तुम्ही चिठ्ठी लिहून मला तिच्या दारात उभं केलंत. तेव्हा काय म्हणाला होता ते आठवा. ‘हणम्या, बसून काम आहे. डोक्यावर पंखा, अंगात पांढरा कोट. येईल त्याला नाव विचारायचं आणि आत सोडायचं. तुझ्यासारख्या सातवी नापासाला याच्यापेक्षा सोपं काम कुठं मिळणार नाही.’ दाजी, येईल त्याला आत सोडायला मी सकाळपासून तयार बसलेला असतो. येतंय कोण?

तुमच्या यष्टीचं बरं होतं. पॅसेंजर नाही आला तर दोरी ओढायची, टण टण, गाडी सुटली, तो बोंबलत मागून पळत येईल नाहीतर घरी जाईल, तुम्हाला काय त्याचं! दातांच्या दवाखान्याला दोरी नसते. इथं अपॉइंटमेंट असते. म्हणजे असं की, दात दुखणारा माणूस गाल धरून येतो, रडतो, देवाची शपथ घेतो, बाई त्याला सांगतात की एका बैठकीत होणार नाही, तीन-चार वेळा यावं लागेल, तो म्हणतो तीन काय तेरा वेळा येतो, मी त्याला पुढची वेळ लिहून कागद देतो, तो कागद कपाळाला लावून खिशात ठेवतो. आणि त्या दिवशी येत नाही. बाई वसईहून स्कूटरवर आलेल्या असतात, घरी दोन वर्षांचं लेकरू सासूकडं सोडून. हत्यारं उकळून फडक्यावर मांडलेली असतात. पंखा फिरत असतो. मी खुर्चीकडं बघतो, बाई घड्याळाकडं बघतात, मग बाई माझ्याकडं बघतात, जणू तो माणूस मी कोटाच्या खिशात लपवून ठेवलाय.

गेल्या महिन्यात बाई म्हणाल्या, हनुमंत (त्या मला हनुमंत म्हणतात, दर वेळी शेंदूर लावून घेतल्यासारखं वाटतं), असंच चाललं तर मी हा गाळा सोडीन आणि वसईलाच बसेन. तिथं माझी मावसबहीण सेलिन आहे, तिला कॉम्प्युटर येतो. माणसं येतील असं काहीतरी कर, नाहीतर तू तुझं बघ. आता माझं मी बघायचं म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे, कारण तुम्हीच मागच्या दिवाळीला सांगून ठेवलंय की ही नोकरी गेली तर तुमच्या भावाच्या वीटभट्टीवर. दाजी, खरं लिहितो. पुण्याचं मार्केट यार्ड, भोसरीचं वर्कशॉप, पनवेलचा धाबा, या सगळ्या ठिकाणांहून मी आपण होऊन उठलो, मला कुणी उठवलं नाही. माझ्या बुडाला जागा सोसत नाही असं आक्का म्हणते ते काही खोटं नाही. पण ही पहिली जागा आहे जिथून उठावंसं वाटलं नाही. कोटाला खिसा आहे. खिशाला पेन आहे. फुलपाड्याच्या बाजारात कोळीण मला ‘डाक्टरांचा माणूस’ म्हणून वाटा जरा भरून देते. आणि ही जागा आता माझ्यामुळं नाही, लोकांच्या दातांमुळं जायला निघाली, याचा मला राग आहे.

कारणं तर काय एकेक ऐकावीत! संकष्टी आहे, तोंडात काही घालायचं नाही (बाई तोंडात बटाटेवडा घालणार होत्या का?). शनिवार आहे, शनिवारी दाताला लोखंड लावायचं नाही असं सासूबाई म्हणतात. मामेसासऱ्यांचं तेरावं आहे. हे मामेसासरे एकाच घरात चार महिन्यांत दोनदा गेले, मी विचारलं तर म्हणे ते वेगळे. मला वाटलं ख्रिस्ती पेशंट तरी शिस्तीचे, रविवारी मिस्साला घंटा व्हायच्या आत बाकावर असतात. तर त्यांचा उपवासकाळ आला. उपवासकाळ सरला म्हणून बसलो, तर ईस्टरनंतरची लग्नं आली. एकेक लग्न आठवडाभर चालतं आणि दात धड असल्याशिवाय तिथं कुणाला जेवता येत नाही, तरी येत नाहीत. म्हणे लग्न होऊ दे, मग बघू. मग गावचा सण. देव कुणाचाही असो, दाजी, दातांच्या डॉक्टरच्या बाजूनं एकही नाही.

आणि सगळ्यांत नालायक कारण कोणतं, तर दुखायचं थांबलं. दात दुखतो तोवर माणूस आपला. दुखायचा थांबला की ओळख नाही. सिद्धेश म्हणून एक क्लार्क आहे, नालासोपाऱ्याला राहतो, मंत्रालयात जातो. बाईंनी त्याची दाढ अर्धी कोरली, आत औषधाचा कापूस भरला, वर तात्पुरता मसाला लावला आणि सांगितलं, पुढच्या आठवड्यात ये, नाहीतर आत सडेल. त्याला वाटलं कापूसच औषध. चार महिने गायब. मी त्याच्या घरी गेलो (हो, आता मला घरोघर पण पाठवतात, कोट काढून जा म्हणतात, लोक घाबरतात). दारात त्याची बायको म्हणाली, घरात नाहीत. तिच्या मागं पडद्याखाली दोन पाय होते. मी त्या पायांना सांगितलं की साहेब, दाढ उघडी आहे. पाय आत गेले. पंधरवड्यानं तोच माणूस आला तो गालात अख्खं कवठ धरल्यासारखा, ताप चढलेला, डोळा मिटलेला, बोलता येईना. बाईंनी त्याला हात जोडून सांगितलं, थोडं उशिरा आला असतास तर मला काही करता आलं नसतं, थेट मोठ्या इस्पितळात न्यायला लागलं असतं. आणि बायको मला काय म्हणाली असेल? ‘तुम्ही आठवण का नाही करून दिलीत?’ दाजी, मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. हातात पक्कड होती म्हणून.

मग बाई म्हणाल्या, आदल्या दिवशी फोन करून आठवण दे. आता इथं घरोघर फोन थोडेच आहेत! पेशंट नंबर देतात आणि पुढं पी.पी. लिहितात, म्हणजे फोन शेजाऱ्याचा. समोरच्या बिल्डिंगीत असा फोन आशालताकाकूंकडं आहे. अख्ख्या बिल्डिंगीचे दात त्या एका फोनवर. मी पहिल्याच संध्याकाळी फोन केला की राऊतांना निरोप द्या, उद्या अकरा वाजता. काकूंनी रिसीव्हर खाली ठेवला आणि जिन्यात जाऊन ओरडल्या (मला इकडं फोनमध्ये ऐकू येत होतं), ‘ओ राऊत! तुमची कवळी उद्या अकराला! दवाखान्यातून विचारतायत, येताय ना घालायला?’ हे विलास राऊत म्हणजे दोन्ही बिल्डिंगींच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बायको वारून तीन वर्षं झालेली. आणि त्याच घटकेला त्यांच्या घरात केळव्याहून माणसं आलेली होती, त्यांच्याच दुसऱ्या लग्नाचं बोलायला, आणि राऊत तोंड मिटून हसत बसले होते. ते लग्न मोडलं. मोडलं ते वयाच्या फरकानं मोडलं असं नंतर कळलं, पण राऊतांच्या मते कवळीनं मोडलं, आणि कवळी म्हणजे मी.

काकूंचं तर पुढं असं झालं की त्यांना या कामाची गोडी लागली. निरोप द्यायला जिना कशाला चढायचा, म्हणून त्या परस्पर ठरवायला लागल्या. मी फोन करून मीरावहिनींना उद्या पाठवा म्हटलं की पलीकडून उत्तर, ‘नाही रे जमायचं तिला, उद्या तिची नणंद येणार आहे.’ तिला विचारलंत का, काकू? ‘विचारायचं काय, मला माहितीये ना!’ वर मला विचारतात, ‘तुझं लग्न झालंय का?’ म्हणजे पूर्वी लोक स्वतः येत नव्हते. फोन सुरू केल्यापासून जे येणार होते तेही काकूंनी बंद केले.

खरी गोम मला कळली ती मीरावहिनींच्याच दाढेवरनं. त्या कशाबशा एकदा आल्या, खुर्चीत बसल्या, बाईंनी इंजेक्शन दिलं, अर्धं तोंड बधिर झालं, गळ्यात कागदाचं लाळेरं बांधलं, मशीन चालू करणार इतक्यात गल्लीच्या तोंडाला हॉर्न वाजला. टँकर! वहिनी खुर्चीतून अशा उठल्या की बाईंच्या हातातला आरसा उडाला. लाळेरं तसंच गळ्यात, चपला इथंच, आणि बाहेर रांगेत जाऊन उभ्या. तिथं कुणीतरी त्यांचा हंडा मागं सरकवला. दाजी, त्या बाईला भांडायचं होतं आणि तोंड बधिर! शिव्या अर्ध्याच बाहेर येत होत्या, बाकीच्या लाळेवाटे. समोरच्या बाईला काहीच कळेना, तिला वाटलं वहिनींना झटका आला, तिनं घाबरून आपला नंबर देऊन टाकला. वहिनींना त्या दिवशी नेहमीपेक्षा दोन हंडे जास्त मिळाले. दाढ मात्र राहिली.

म्हणजे बघा, ना संकष्टी, ना सासू, ना मामेसासरे. इथं नळाला पाणी नाही. टँकर येतो, कधी येतो ते टँकरला माहीत. तो आला की माणूस ताटावरून उठतो, लेकराला न्हाणीत साबणासकट सोडून जातो, मग दातांचं काय घेऊन बसलात! दाजी, मी माणचा. टँकर म्हणजे काय हे मला कुणी शिकवायचं नाही. दुष्काळातनं उठून समुद्राकाठी आलो आणि इथंही हंडाच, याचाही मला राग आहे, पण तो राग नंतर केव्हातरी सवडीनं करीन.

टँकरवाला काशिनाथ, चांदीपचा. तिकडच्या विहिरीवर भरतो आणि इकडं आणतो. मी त्याला गाठला. त्याचा पुढचा दात हालत होता, म्हटलं बाई तुला फुकट नीट करून देतील, तू एवढंच कर, दवाखाना उघडायच्या वेळेला गाडी पहिल्यांदा आमच्या दारात लाव आणि आमचे दोन पिंप भर. तो म्हणाला, ‘पानी देतो. पन सुई टोचायची नाय.’ मी म्हटलं, नाय. (त्याला वेळ दिली. पाणी आलं, तो काही आला नाही. विचारलं तर म्हणे टँकर होता ना. टँकरवाल्यालाही टँकरमुळं वेळ नाही. आता मी कुणाकडं बघायचं?) मग मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘वेळेवर येईल त्याला एक हंडा’, आणि दाराला टांगलं. बाईंना एवढंच सांगितलं की व्यवस्था केली आहे.

दाजी, दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी पायऱ्यांवर माणसं! दहाचा साडेनवाला, साडेदहाचा नऊला. चार महिने ज्यांचे फक्त पाय दिसले ते सिद्धेशसाहेब ऑफिसला दांडी मारून हजर, हातात कळशी. मामेसासऱ्यांचं तेरावं आपोआप पुढं गेलं. शनिवारी लोखंड चालायला लागलं. आशालताकाकू स्वतः फोन करून विचारायला लागल्या, ‘अरे, माझी वेळ कधी आहे?’ तुमची कुठली वेळ, काकू, तुमचे दात तर ठणठणीत आहेत. ‘मग काय झालं, बघून घ्यायला काय हरकत आहे?’ बाईंनी पहिल्या दिवशी क्रूसाची खूण केली. म्हणाल्या, हनुमंत, हे तू कसं केलंस? मी खाली मान घालून उभा राहिलो. माझा फोटो काढायला पाहिजे होता त्या वेळी. त्या आठवड्यात एक जण रद्द नाही. एक सुद्धा!

मग बाईंना हळूहळू दिसायला लागलं. एक तर खुर्चीखाली हंडे. दुसरं म्हणजे येणाऱ्यांच्या तोंडात काही नसायचं. एक आजोबा आले, त्यांना दातच नाहीत, पंधरा वर्षांपूर्वी सगळे पडलेत. बाई म्हणाल्या, आजोबा, मी काय तपासू? आजोबा म्हणाले, ‘तपासा हो, एवढ्या लांबनं आलोय.’ लांबून म्हणजे वरच्या मजल्यावरनं. एका बाईचे सगळे दात चांगले म्हटल्यावर ती हिरमुसून म्हणाली, मागचा एखादा काढून टाका पाहिजे तर, पुन्हा यायला लागेल असा. बाईंनी मला बाहेर बोलावून पुठ्ठा वाचला. ‘हंडा’ या शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, बाई, येतायत ना पण?

आणि मग शुक्रवार उजाडला, त्या दिवशीचं सांगताना अजून माझ्या कानशिलात गरम होतं. राऊत आले. हो, सेक्रेटरी! माझं तोंड बघणार नाही म्हणून सांगून गेलेला माणूस, पण पाण्यापुढं सेक्रेटरीही माणूसच. हंडा लपवण्यासाठी वर पिशवी घातली होती, हंड्यासारखीच दिसत होती. कवळी बसवायच्या आधी उरलेले चार दात साफ करायचे म्हणून बाईंनी ते घासून काढले, हिरड्या लालभडक, तोंडात रक्त आणि पांढरी पूड, आणि बाई म्हणाल्या, हनुमंत, चूळ भरायला पाणी. मी पेला घेऊन पिंपाकडं गेलो. पिंप कोरडा. दुसरा कोरडा. गाळ्यावरची टाकी कोरडी, कारण आदल्या दिवशीच्या आजोबांनी दोन हंडे नेले होते, एक स्वतःचा आणि एक न आलेल्या आजीचा. राऊत तोंड उघडं ठेवून बसलेले. बाई हात वर करून बसलेल्या. मी बाहेर आलो. बाकावर सगळे भरलेले हंडे मांडीशी घेऊन बसलेले. म्हटलं, एक पेलाभर द्या, आत माणूस खोळंबलाय. दाजी, एकाचाही हात हलला नाही! मीरावहिनी म्हणाल्या, ‘आम्ही वेळेवर आलो, आमचं पाणी मिळालं. त्यांनी त्यांचं बघावं.’ सिद्धेशसाहेबांनी कळशी बाकाखाली सरकवली. ज्याची दाढ मी पडद्याखालच्या पायांना सांगून सांगून वाचवली, तो माणूस! आजोबा त्या दिवशीही आले होते, मी त्यांच्याकडं बघितलं. आजोबा भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडं बघत होते, जणू आयुष्यात पहिल्यांदा बघतायत.

मग मी समोरच्या टपरीवर धावलो. पाणी त्याच्याकडंही नव्हतं. बाटल्या होत्या. जी हाताला लागली ती फोडून पेल्यात ओतली आणि राऊतांच्या हातात दिली. लिंबू सोडा निघाला. सोललेल्या हिरड्यांवर लिंबू सोडा, दाजी! राऊतांनी जी किंकाळी फोडली ती ऐकून गल्लीतल्या बायका हंडे घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं टँकरचा हॉर्न.

संध्याकाळपर्यंत सोसायटीची नोटीस दाराला लागली, माझ्याच पुठ्ठ्याच्या खिळ्यावर. दुकानाच्या गाळ्यापुढं टँकर उभा करायला मनाई. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी, बाई आणि पंखा. सोमवारी त्यात सेलिन आली. पुढं इथं कॉम्प्युटर येणार आहे म्हणे, तोवर ती माझ्या स्टुलावर बसून जागेची सवय करते आहे. मी तिला विचारलं, तुमच्या कॉम्प्युटरनं माणसं येतात का? ती म्हणाली, ‘नाही, पण कोण नाही आलं ते लगेच कळतं.’ ते मला पण कळतं, सेलिन. बाक रिकामा दिसला की कळतं!

तर दाजी, ही अशी बसून करायची नोकरी. मला राग राऊतांचा आहे, काकूंचा आहे, आजोबांचा आहे, सिद्धेशसाहेबांच्या कळशीचा आहे, आणि सगळ्यांत जास्त तुमचा आहे, कारण येईल त्याला आत सोडायचं असं तुम्ही सांगितलंत, न येणाऱ्याचं काय करायचं ते नाही सांगितलंत. मी तुमच्याकडं काही मागत नाही. मागण्यासाठी पत्र लिहिणारा मी नव्हे. मन मोकळं केलं एवढंच. भाचीला खोकल्याला अडुळसा द्या. आक्काला सांगा मी जेवतो.

तुमचा मेहुणा,
हणमंत

ता. क. एक राहिलं. शनिवारी बाई जाम चिडल्या आणि म्हणाल्या, हनुमंत, तुझ्या अख्ख्या ओळखीत, नात्यागोत्यात, सांगितल्या दिवशी सांगितल्या वेळेला येणारा एक तरी माणूस आहे का? एक दाखव, मी तुला ठेवते. नाहीतर एक तारखेपासून स्टूल सेलिनचं. मी विचार केला, एकच नाव आठवलं. तुमचं. आक्कानं मागच्या पत्रात लिहिलंय की तुमची खालची दाढ रात्री ठणकते, लवंग धरून झोपता आणि गावातल्या वैदूला दाखवायचं म्हणता. वैदूला दाखवायचं नाही. बाईंना नाव सांगितल्यावर त्या एकदम हसल्या, म्हणाल्या, शांताराम कंडक्टर? आमच्या वाडीत घड्याळ बंद पडलं की पपा त्यांच्या जाण्यायेण्यावर लावायचे! मी गुरुवार अठ्ठावीस तारीख, सकाळी अकराची वेळ लिहून टाकली आहे. यायचं. दाढेसाठी या, माझ्यासाठी या, कशासाठीही या. दोन-तीन वेळा बसावं लागेल, माझ्या खोलीवर राहा. दुखायचं थांबलं तरी थांबायचं नाही, गाडीत बसायचं. बाई तुम्हाला खुर्चीत बघतील आणि मला स्टुलावर, एवढंच पाहिजे. हंडा आणू नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात काशिनाथ सांगून गेला की या महिन्यात आमच्या चाळीचा टँकर गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास, आणि नळी धरायची पाळी माझी आहे. ती सोडली तर खोलीला आठवडाभर पाणी नाही. तेव्हा गुरुवारी येऊ नका, शुक्रवारी या. बाईंना मी आत्ताच जाऊन सांगून आलो की तुमच्या घरी अचानक पाहुणे आले म्हणून तुम्हीच दिवस बदलून मागितलाय. बाईंनी एकदा स्टुलाकडं बघितलं. आल्यावर त्यांनी विचारलं तर तेवढं पाहुण्यांचं सांभाळून घ्या. कोण पाहुणे ते मी सांगितलेलं नाही, तुम्हाला सोयीचं पडेल ते नाव घ्या, फक्त मामेसासरे नकोत.